गाडीसाठी सुटा जीपीएस घ्यावा का, आणि घ्यायचा तर काय पाहून?

घाटमाथा
गाडी जुनी वॅगन आर, डॅशबोर्डवर स्क्रीन नाही. फिरणं मुख्यतः पुणे–राजापूर, कधी ताम्हिणीने उतरून तर कधी कोल्हापूरकडून अणुस्कुरा घाटाने, आणि अधूनमधून चंद्रपूर. घाटात आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर मोबाइलची रेंज जाते, म्हणून काचेला लावायचा वेगळा जीपीएस घ्यायचा विचार आहे.

प्रश्न असे: आज भारतात असं यंत्र घेण्यात अर्थ आहे का? स्क्रीन पाच इंची पुरते की सात इंची लागते? नकाशे किती वर्षं अद्ययावत होत राहतात? अमेरिकेतले नातेवाईक त्यांचा जुना गार्मिन नुवी (गार्मिन कंपनीचा सुटा जीपीएस) देतो म्हणतात, तो इथे चालेल का? 'फोन वापरा' असं उत्तर असलं तरी चालेल, पण कारणांसकट द्या.

नकाशेकर
आधी एक गैरसमज बाजूला करू, कारण प्रश्नाचं मूळ तिथेच आहे. रेंज गेली म्हणून जीपीएस जात नाही. फोनमधला जीपीएस हा फक्त ऐकणारा रेडिओ आहे. सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश ऐकू आले की तो आपली जागा स्वतः काढतो. त्याला सिमकार्डही लागत नाही. रेंजबरोबर जातो तो नकाशा, कारण बहुतेकांच्या फोनवर तो वाटेत जाता जाता इंटरनेटवरून येत असतो. सुट्या यंत्रात नकाशा आधीच भरलेला असतो म्हणून ते घाटात चालतं. फोनमध्ये नकाशा आधी उतरवून ठेवला तर फोनही तसाच चालतो.

म्हणून आधी नकाशा ठरवा, मग यंत्र. रिसीव्हर आता कुठल्याही बऱ्या यंत्रात पुरेसा चांगला असतो. नकाशा कोणाचा, किती जुना आणि पुढे मिळत राहणार का, यावर सगळं अवलंबून आहे. २०२१ चा नकाशा असलेलं यंत्र समृद्धी महामार्गावर नेलंत तर गाडी शेतातून चालल्याचं दिसेल आणि यंत्र दर दोन मिनिटांनी जुन्या रस्त्यावर परत बोलावेल. समृद्धीचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. अटल सेतू जानेवारी २०२४ चा. चंद्रपूरला जाणाऱ्याला हे नुसतं सोयीचं नाही, अख्खा मार्गच त्यावर ठरतो.

लालडबा
राजापूरला जाताना रस्ता चुकलात तर पहिल्या एसटी थांब्यावर विचारा. पत्ता मिळतो, वर चहाही मिळतो. यंत्रात ती सोय अजून आलेली नाही :)

समई
नकाशेकरांचं नकाशाबद्दलचं म्हणणं मान्य. पण सुट्या यंत्राला इतक्यात निकालात काढू नका. त्याचे फायदे नकाशाच्या पलीकडचे आहेत.

एक, उन्हात वाचता येणं. चांगल्या नेव्हिगेटरची स्क्रीन चकाकी कमी करणारी असते आणि रंगसंगती लांबून एका नजरेत कळेल अशी, जाड रस्ते आणि मोठे बाण अशी केलेली असते. फोनची काच आरशासारखी चमकते. दोन, उष्णता. अ‍ॅपल आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगते. मे महिन्यात नागपूर–चंद्रपूर पट्ट्यात काचेमागे हे तापमान सकाळी दहालाच ओलांडलं जातं. मग फोन आधी स्क्रीन मंद करतो, नंतर चार्जिंग थांबवतो, शेवटी 'थंड होऊ द्या' म्हणून बंद. तीन, मध्येच फोन किंवा ओटीपी येऊन नकाशा झाकला जात नाही. चार, इंजिन सुरू केलं की यंत्र आपोआप सुरू, बंद केलं की बंद. घरातलं कोणीही गाडी नेवो, यंत्र गाडीतच असतं.

सर्किट
@समई, पहिले दोन मुद्दे बरोबर, पण दोन्हींवर उपाय आहे. फोन काचेला न लावता मधल्या एसी व्हेंटच्या पुढ्यात लावा. थंड हवा थेट पाठीवर येते आणि ऊनही कमी लागतं. वायरलेस चार्जिंगचा माउंट मात्र घेऊ नका, तो स्वतःच फोन तापवतो. फोनचं जाड कव्हर काढून ठेवा.

व्हेंट माउंट घेताना पट्ट्या आडव्या आहेत की उभ्या, की गोल व्हेंट आहे, ते बघून घ्या. गोल व्हेंटला साधा चिमटा टिकत नाही, हुक लागतो. पट्टी जुनी आणि पातळ असेल तर २०० ग्रॅमच्या फोनने खडबडीत रस्त्यावर मोडते.

बारा_व्होल्ट
पॉवरचं कोणी बोललं नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात.

स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून नेव्हिगेशन चालवलं तर ५ व्होल्ट १ अँपिअरचा जुना चार्जर फोनला पुरत नाही. चार्जिंगची खूण दिसत राहते आणि बॅटरी तरी उतरत जाते. किमान १८ वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे जलद चार्जिंगचा) चार्जर घ्या.

स्वस्त चार्जरचा आणखी एक त्रास सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यातलं १२ व्होल्टचं ५ व्होल्ट करणारं सर्किट रेडिओ गोंगाट करतं. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो, त्यामुळे एवढा गोंगाटही त्याला बुडवायला पुरतो. स्वस्त डॅशकॅमही हेच करतात. ओळखायचं असं: गाडी उघड्या जागेत उभी करा, उपग्रहांची ताकद दाखवणारं अ‍ॅप उघडा, मग चार्जर आणि डॅशकॅम एकेक करून काढा. काढल्याबरोबर पट्ट्या उंचावल्या तर चोर सापडला. तो बदला, किंवा निदान जीपीएसपासून हातभर लांब न्या आणि वायरला फेराइटचा मणी (गोंगाट अडवणारं चुंबकीय कडं) लावा.

गार्मिनची जुनी मिनी यूएसबी यंत्रं साध्या डेटा केबलवर लावली की बऱ्याचदा 'संगणकाला जोडलंय' असं समजून नकाशाच बंद करतात. त्यांच्या पॉवर केबलमधली एक पिन वेगळी जोडलेली असते, त्यावरून यंत्राला कळतं की हा नुसता चार्जर आहे. काही मॉडेलांत ट्रॅफिकचा रिसीव्हरही त्या केबलमध्येच असतो. म्हणून नातेवाइकांकडून नुवी घेतलात तर मूळ केबल आणि मूळ माउंट दोन्ही मागून घ्या.

घाटमाथा
हे माहीत नव्हतं, धन्यवाद. मग नुवी आणवायचा की नाही? त्यात भारताचा नकाशा टाकता येतो का?

नकाशेकर
येतो, पण मर्यादा समजून घ्या. तिकडच्या यंत्रात उत्तर अमेरिकेचा नकाशा असतो. इथे ते उपग्रह पकडेल, अक्षांश-रेखांश अचूक दाखवेल, पण ढोबळ हमरस्ते सोडले तर नकाशा कोरा. फुकट मार्ग म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपपासून, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशापासून, बनवलेला गार्मिन-सुसंगत नकाशा.

पद्धत अशी. यंत्र संगणकाला जोडून आतली सगळी मेमरी आधी कॉपी करून ठेवा. बीबीबाइकसारख्या संकेतस्थळावरून महाराष्ट्र-गोव्याची चौकट आखून गार्मिनसाठीचा नकाशा मागवा. अक्षरांचा पर्याय लॅटिन निवडा, कारण जुन्या नुवीत देवनागरी फाँट नसतो आणि नावांच्या जागी रिकामे चौकोन येतात. मेमरी कार्ड फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करा. त्यावर 'गार्मिन' नावाचा फोल्डर करून 'जीमॅपसप' नावाची आयएमजी फाइल तिथे ठेवा. फॅट-३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही, म्हणून अख्ख्या भारताचा हट्ट धरू नका. जुनं मॉडेल किती मोठं कार्ड वाचतं तेही बघा, काहींना ३२ जीबीच्या वर कळत नाही. शेवटी सेटिंगमध्ये नवा नकाशा चालू करून मूळचा बंद ठेवा. दोन तपशीलवार नकाशे एकावर एक राहिले तर मार्ग काढताना गोंधळ होतो.

इतकं करूनही पत्त्याने शोध नीट चालत नाही. घरक्रमांक, गल्ली ही अमेरिकी रचना आपल्याकडे बसत नाही. ठिकाणं अक्षांश-रेखांशाने आधीच साठवून ठेवावी लागतात.

सर्किट
जुनं यंत्र हातात आलं की आधी तारीख बघा. जीपीएस आठवडे ० ते १०२३ मोजतं आणि मग पुन्हा शून्यापासून सुरू करतं. असा पलटा ऑगस्ट १९९९ मध्ये आणि नंतर ६ एप्रिल २०१९ ला आला. ज्यांचं सॉफ्टवेअर सुधारलेलं नाही अशी यंत्रं तारीख वीसेक वर्षं मागची दाखवतात. जागा बरोबर येऊ शकते, पण पोचण्याची वेळ आणि सूर्यास्ताप्रमाणे बदलणारा रात्रीचा रंग बिघडतो. गार्मिन एक्सप्रेस या संगणकावरच्या प्रोग्रॅमने फर्मवेअर (यंत्रातलं मूळ सॉफ्टवेअर) नवं केल्यावर सुधारलं तर ठीक, नाही तर ते यंत्र सोडा.

आणि परदेशातून आणलेलं किंवा कित्येक महिने बंद असलेलं यंत्र पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा गाडी चालू करून निघू नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची नेमकी माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो, तीही सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने. मध्ये इमारत किंवा झाड आलं की तेवढा तुकडा पुन्हा ऐकावा लागतो. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण यायला तर साडेबारा मिनिटं लागतात. मैदानात पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. फोन हीच माहिती इंटरनेटवरून काही सेकंदांत आणतो, म्हणून घाटाच्या पायथ्याशी रेंज असतानाच नेव्हिगेशन सुरू करावं.

कोकणकडा
यंत्र कुठलंही घ्या, सेटिंग चुकलं तर सगळं फुकट. कोकणासाठी तीन गोष्टी.

'सर्वात कमी अंतर' कधीही निवडू नका. दोन किलोमीटर वाचवायला ते पाखाडीच्या वाटेने, शेताच्या बांधावरून किंवा जंगल खात्याच्या कच्च्या रस्त्याने नेतं. 'सर्वात कमी वेळ' ठेवा आणि 'कच्चे रस्ते टाळा' चालू करा. त्यातही ग्रामीण रस्त्यांना नकाशात वेग जास्त धरलेला असतो. सागरी मार्गावर यंत्राने सांगितलेल्या वेळेत निम्मी भर घाला.

दुसरं, फेरी. दाभोळ–धोपावे, वेश्वी–बागमांडला, जयगड–तवसाळ या जेटी नकाशात असतात. 'फेरी टाळा' चालू असेल तर गुहागरहून दापोलीला जायला ते चिपळूणवरून मोठा वळसा घालतं. बंद असेल तर रात्री उशिरा, फेरी थांबलेली असतानाही जेटीवर आणून उभं करतं. यंत्राला फेरीचं वेळापत्रक कळत नाही. म्हणून सेटिंग दिवसा वेगळं, रात्री वेगळं.

तिसरं, पावसाळा. वरंधा घाट जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने पावसाळ्यात बंद केला जातो. उतरवलेल्या नकाशाला हे कळायचा मार्गच नाही, तो भोर–महाड सरळ काढून देतो. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची सूचना बघायची, मग घाटापलीकडचं एखादं गाव मधला थांबा म्हणून घालून यंत्राला आपल्या मार्गावर आणायचं. ताम्हिणीने जायचं तर माणगाव घाला, अणुस्कुऱ्यासाठी पाचल. नुसतं 'राजापूर' टाकलं तर निवड त्याच्या हातात जाते.

माहेरवाट
+१ कोकणकडा. आणि अंधारात, पावसात यंत्र पाण्याकडे नेत असेल तर थांबून उतरून बघाच. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ अ‍ॅपने दाखवलेल्या जुन्या रस्त्याने गेलेली गाडी पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात बुडाली आणि एकाचा जीव गेला. पूल पाण्याखाली होता, नकाशात मात्र रेघ तशीच होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी पडून तिघे गेले. स्क्रीनवरची रेघ म्हणजे रस्ता चालू असल्याचा दाखला नव्हे.

जर्सीकर
इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, परिस्थितीत माझं मत समईच्या बाजूने आहे. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात सुटं यंत्र अजूनही पैसे वसूल करतं, कारण त्या भागांचे नकाशे यंत्राच्या किमतीतच येतात आणि वर्षातून काही वेळा नवे होतात. 'लाइफटाइम' म्हणजे मात्र तुमचं आयुष्य नव्हे. कंपनी त्या मॉडेलसाठी नकाशा पुरवते तोवर, किंवा नकाशा मेमरीत मावतो तोवर. म्हणून जुनं मॉडेल घेताना आतली मेमरी आणि कार्डाचा खाचा दोन्ही बघा. गार्मिनच्या जुन्या नावांत शेवटी एल, एम, टी अशी अक्षरं येतात: एलएम म्हणजे कायमचे नकाशे, टी असेल तर ट्रॅफिकही. नवीन ड्राइव्हस्मार्ट वायफायवर नकाशे घेतात, संगणक लागत नाही.

न्यू जर्सीत कित्येक चौकांत डावीकडे वळायला आधी उजवीकडच्या जगहँडलमध्ये (वळसा घालून नेणाऱ्या जोडरस्त्यात) शिरावं लागतं. अशा ठिकाणी लेन दाखवणारं आणि चौकाचं चित्र दाखवणारं मॉडेलच घ्या, सर्वात स्वस्त घेऊ नका. डेथ व्हॅलीसारख्या ठिकाणी रेंज नसतेच, आणि तिथले रेंजरही नुसत्या जीपीएसवर विसंबू नका असंच सांगतात. छापील नकाशा आणि पाणी हवंच.

कॅलिफोर्नियात काचेवर कुठेही लावता येत नाही. चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ५ इंची चौकोन किंवा पलीकडच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंची चौकोन, आणि एअरबॅगच्या वाटेत नको. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. सगळीकडे चालेल असं हवं तर डॅशबोर्डवर ठेवायची वाळूच्या पिशवीसारखी जड बैठक घ्या.

म्युनिककर
युरोपात गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांसाठी भर घालते. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याची सूचना देणारी सोय जर्मनीत चालवताना वापरायला बंदी आहे, स्वित्झर्लंडमध्येही. फ्रान्समध्ये नेमका कॅमेरा दाखवता येत नाही, फक्त 'धोक्याचा भाग' म्हणून सूचना येते. सीमा ओलांडण्याआधी ती सोय बंद करा. कॅम्पर व्हॅन असेल तर साधं मॉडेल घेऊ नका. उंची, रुंदी, वजन भरता येतं असं कॅम्परचं मॉडेल घ्या, नाही तर ते तुम्हाला कमी उंचीच्या पुलाखाली आणून सोडतं.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा थर असतो. त्यातून जीपीएस येत नाही. अशा काचेत आरशामागे ठिपक्यांचा एक भाग मोकळा सोडलेला असतो, यंत्र तिथे न्या.

वैदर्भी
@घाटमाथा, दुकानात नुसतं 'गाडीचा जीपीएस' म्हणू नका, ट्रॅकर गळ्यात बांधतील. एआयएस-१४० असं लिहिलेलं यंत्र प्रवासी व्यावसायिक वाहनांसाठी आहे. ते मालकाला गाडी कुठे आहे ते सांगतं, चालकाला रस्ता सांगत नाही. त्यात सिम असतं, स्क्रीन नसते.

समृद्धीवर नागपूरपर्यंत येऊन पुढे चंद्रपूर हा मार्ग आता सरळ आहे. इगतपुरी–कसाऱ्याच्या पावणेआठ किलोमीटरच्या बोगद्यात जीपीएस थांबतो. सुटं यंत्र किंवा फोन शेवटच्या वेगावरून अंदाजाने पुढे सरकवतो, बोगद्यात वेग बदलला की अंदाज चुकतो. बाहेर आल्यावर जागा पुन्हा पकडायला काही क्षण जातात. पुढचं वळण बोगद्यात शिरण्याआधीच वाचून ठेवा. मूळ कंपनीची बसवलेली सिस्टिम चाकांचा वेग वाचते म्हणून तिथे बरी ठरते.

लालडबा
मुंबईत पुलावर चढायचं की खालून जायचं हे यंत्राला कधीच का कळत नाही?

सर्किट
उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. म्हणून उंचीतली चूक आडव्या चुकीच्या साधारण दीड-दोनपट असते. वरचा आणि खालचा रस्ता नकाशात एकाच रेघेवर, मधलं अंतर आठ-दहा मीटर, तेवढं त्याला ओळखता येत नाही. त्यात उंच इमारतींवर आपटून येणारे सिग्नल. दोन फ्रिक्वेन्सी वाचणारा फोन यात बराच सुधारतो, कारण ११७६.४५ मेगाहर्ट्झचा एल-५ सिग्नल आपटून आलेल्या प्रतिध्वनीपासून वेगळा काढणं सोपं जातं. २०१८ पासून असे फोन बाजारात आहेत. आपली भारतीय उपग्रह यंत्रणा नाविकही एल-५ वर आहे. फोन घेताना तपशीलात एल-५ किंवा 'ड्युअल फ्रिक्वेन्सी' लिहिलंय का ते बघा.

पण लूपवर चढताना यंत्र गप्प असलं तर पाटीच वाचायची, त्याला पर्याय नाही.

कोकणकडा
वाडीवस्तीचं ठिकाण टाकताना अक्षांश-रेखांशाची पद्धत तपासा. पुण्याचा अक्षांश दशांशात १८.५२०४ आहे. तो १८ अंश ५२ मिनिटं ०४ सेकंद असा भरला तर ठिकाण सुमारे ३९ किमी उत्तरेला सरकतं, कारण १८.५२०४ म्हणजे १८ अंश ३१ मिनिटं १३ सेकंद. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले आकडे बहुधा दशांशात असतात, जुन्या यंत्रात पद्धत वेगळी ठेवलेली असते. आणि पिंपळगाव, वडगाव, नांदगाव अशा नावांत तालुका वाचल्याशिवाय 'जा' दाबू नका.

माहेरवाट
परदेशातून यंत्र मागवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. नुसतं ऐकणारा जीपीएस आणणं वेगळं. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र, म्हणजे इनरीचसारखं, भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांवर यावरून कारवाई झालेली आहे. नातेवाइकांना मॉडेलचं नाव विचारून मगच आणायला सांगा.

समई
फोन चालवताना हातात धरण्याबद्दलही बोलायला हवं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार चालवताना असं उपकरण फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि एकाग्रता न मोडता वापरता येतं. म्हणजे माउंट हवाच, आणि ठिकाण गाडी उभी असतानाच टाकायचं.

माउंट कुठे, तर उजव्या कोपऱ्यात काचेच्या खांबाजवळ नको. त्या खांबामुळे आधीच नजरेआड कोपरा असतो. घाटात उजव्या वळणावर समोरून येणारा दुचाकीवाला नेमका तिथे लपतो. मध्यभागी, डॅशबोर्डच्या रेषेच्या खाली बरं. ही एक गोष्ट यंत्राच्या किमतीपेक्षा महत्त्वाची.

घाटमाथा
सगळ्यांचं वाचून असं ठरवतोय: नुवी आणवायचा नाही. एक वेगळा अँड्रॉइड फोन फक्त गाडीसाठी, ड्युअल फ्रिक्वेन्सीचा, साडेसहा इंची. त्यात ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड हे अ‍ॅप, महाराष्ट्र, गोवा आणि तेलंगणाचा नकाशा उतरवून, आणि जोडीला गूगलचे उतरवलेले भाग. व्हेंट माउंट, १८ वॅटचा चार्जर. यात काही सुटतंय का?

समई
बेत चांगला आहे. उभी गाडी उन्हात सोडताना फोन सोबत न्या, डॅशबोर्डवर ठेवू नका. बंद गाडीत तिथे सत्तर अंशांच्या वर जातं आणि लिथियम बॅटरी फुगते. सुटं यंत्र घेतलं असतं तरी हे पाळावंच लागलं असतं.

नकाशेकर
दोन नकाशे ठेवताय हे उत्तम, कारण दोघांच्या चुका वेगळ्या ठिकाणी असतात. गूगलचा उतरवलेला भाग रेंज नसताना फक्त गाडीचा मार्ग देतो, ट्रॅफिक आणि पर्यायी मार्ग नाहीत. सुरुवात आणि शेवट दोन्ही उतरवलेल्या चौकटीत हवेत, म्हणून चौकटी एकमेकींवर थोड्या चढू द्या. त्या काही काळाने बाद होतात. वायफायवर आपोआप नव्या होण्याचं सेटिंग चालू ठेवा, आणि गाडीतला फोन महिन्यातून एकदा घरच्या वायफायवर आणा. बोलण्यासाठी फोनच्या टीटीएसमध्ये (मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीत) मराठी आवाजही आधीच उतरवून घ्या, नाही तर रेंज नसताना तो मुका होतो.

निघण्याआधी चाचणी घरीच होते. फोन विमान मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा, वायफाय बंद. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण आधी पाहिलेला नकाशा तात्पुरत्या मेमरीतून दिसला तर चाचणी खोटी ठरते. मग राजापूर टाका, मधला थांबा पाचल घाला. मार्ग निघाला आणि गल्लीतल्या पहिल्या वळणावर आवाज आला तर अणुस्कुऱ्यातही येईल. नंतर अणुस्कुऱ्यापाशी बोटाने मोठं करून बघा. सगळी नागमोडी वळणं दिसली पाहिजेत. तिथे सरळ रेघ किंवा नुसती पांढरी जागा दिसली तर त्या भागाचा नकाशा उतरलेलाच नाही, तो पुन्हा उतरवा.

घाटमाथा
आज रात्री करून बघतो. तेलंगणाऐवजी छत्तीसगड उतरवायला हवं का, की चंद्रपूरपर्यंत महाराष्ट्र पुरेल?

वैदर्भी
चंद्रपूरपर्यंत महाराष्ट्र पुरतो. राजुऱ्याच्या पुढे आसिफाबादकडे गेलात तरच तेलंगणा लागेल.